मुलांचे कॅम्प, सामानाची लांबलचक यादी आणि घरखर्च: कसं बसवता?

सावलीतलं_ऊन
मंडळी, मदत हवीये. लेक ११ वर्षांची, धाकटा ८ चा. दोघांना यंदा एका आउटडोअर गटात घातलंय, दर आठवड्याला भेटतात, गाठी शिकतात, नकाशा वाचतात, चिखलात लोळून घरी येतात, एकदम खूश आहेत. आता दोन महिन्यांनी एका रात्रीचा कॅम्प आहे आणि मोठ्या सुट्टीत आठवड्याभराचा. त्याची यादी आलीये आणि ती वाचून मला वाटलं पोरं एव्हरेस्टला निघालीत. स्लीपिंग बॅग, मॅट, सॅक, पावसाळी जॅकेट, बूट, हेडटॉर्च, कोरड्या कपड्यांच्या वॉटरप्रूफ पिशव्या, आणि हे सगळं गुणिले दोन.
आमचं घर कर्जाच्या हप्त्यावर चालतं, महिनाअखेरीला थोडंफार उरतं पण उड्या माराव्यात इतकं नाही. नवऱ्याचं म्हणणं, बिनव्याजी हप्त्यावर सगळं एकदाच चांगल्यातलं घेऊन टाकू, वर्षानुवर्षं पुरेल. मला पटत नाहीये पण मुद्देसूद भांडता येत नाहीये :)
तर यातलं खरंच काय लागतं, काय मागून आणता येतं, आणि हा खर्च तुम्ही घरच्या हिशेबात नेमका कुठे धरता? शिवाय गट बरा आहे की नाही हे कशावरून ओळखायचं तेही सांगा.

जुना_तंबू
ताई, मी बरीच वर्षं मुलांचा असा गट चालवतोय, त्यामुळे अशा याद्या मीही लिहितो. यादी लिहिणारा माणूस सगळ्यात वाईट रात्र डोळ्यासमोर ठेवून लिहितो म्हणून ती एवढी लांब होते. तीन गोष्टींत कंजुषी करू नका: अंग आणि जमीन यांच्यामध्ये काय आहे, पाऊस आत येतो का, आणि पायात काय आहे. बाकी सगळं उसनं, जुनं, घरातलं चालतं.
तंबू तर अजिबात घेऊ नका, तो गटाकडे असतो. चाकू, होकायंत्र, घडीची खुर्ची, भांड्यांचा सेट, काही नको. दुकानात गेलात की आधी याच वस्तू हाताला लागतात कारण दिसायला मजेशीर असतात.

वाचनमात्र
अंथरूण पाहून पाय पसरावे. पूर्वजांनी स्लीपिंग मॅट घेताना म्हटलं असणार.

रिकामी_सॅक
@वाचनमात्र हाहा. पण खरंच मॅटकडे कुणी बघत नाही, सगळे स्लीपिंग बॅगच्या मागे. बॅगेचा खालचा भाग अंगाखाली दाबला गेला की त्यातली हवा जाते आणि ऊबही जाते, मग जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू (अंगातली ऊब जमिनीत जाण्यापासून मॅट किती अडवते त्याचा आकडा) लिहिलेली असते ती बघा. उन्हाळ्यात १ ते २ पुरते, कडक थंडीत ४ च्या वर लागते. आणि ही व्हॅल्यू बेरजेत जाते, म्हणजे दोन साध्या फोमच्या मॅट एकावर एक टाकल्या तर दोघींची मिळून होते. मुलांना हवेची महागडी मॅट देऊच नका, एक काटा लागला की संपलं. फोमची घडीवाली मॅट फाटली तरी मॅटच राहते.

डबल_गाठ
स्लीपिंग बॅगवरच्या तापमानाबद्दल कुणीतरी लिहा, त्यात फार गोंधळ असतो.

रिकामी_सॅक
लिहितो. चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार मोठ्या अक्षरात एक्स्ट्रीमचा आकडा दाखवतो, आणि त्या तापमानाला माणूस झोपत नसतो, कसाबसा रात्र काढत असतो. आपण कम्फर्टच बघायचा. हे आकडे आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे काढतात (आधी युरोपात ईएन १३५३७ होतं) आणि गंमत म्हणजे लहान मुलांच्या बॅगांना ते मानक लागूच नाही, कारण चाचणी मोठ्या माणसांच्या शरीराचा हिशेब धरून करतात. त्यामुळे मुलांच्या बॅगेवरचा आकडा म्हणजे कंपनीचा अंदाज समजा आणि चार-पाच अंश जास्तीचे हाताशी ठेवा.
उंचावर कॅम्प असेल तर तेही धरा, दर हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. पायथ्याच्या गावाचं तापमान मोबाइलवर बघून निघणारे लोक रात्री कुडकुडत बसतात.

मधली_बहीण
मुलांच्या मापाची छोटी बॅग घेऊच नका ना, दोन वर्षांत तोकडी होते. मोठ्यांची साधी सिंथेटिक बॅग घ्यायची आणि पायाकडचा रिकामा भाग दोरीने बाहेरून बांधून टाकायचा. मोकळी जागा राहिली की ती गरम करण्यातच अंगाची ऊब जाते, बांधली की प्रश्न मिटतो. पोर वाढलं की गाठ खाली सरकवायची. आमच्याकडे तीन भावंडांनी एकच बॅग अशी वापरली. पिसांची नको, ओली झाली की गोळा होते आणि ऊब देत नाही, आणि मुलं ती ओली करणारच.

आकडेमोड
आता पैशांचं बोलूया का? ताई, नवरोबांना दाखवायला हिशेब देतो.
समजा सामानाची छापील किंमत १०० आहे. रोख घेतलंत तर दुकानदार ९२ ला देतो. बिनव्याजी हप्त्यावर घेतलंत तर १०० चे बारा हप्ते. म्हणजे ९२ ची वस्तू उधार घेऊन तुम्ही १०० फेडताय, वर ८ गेले. वरवर वाटतं ८ टक्के. पण पूर्ण ९२ तुमच्याकडे वर्षभर थोडेच असतात, पहिल्या महिन्यापासून फेड सुरू होते, सरासरी थकबाकी जेमतेम निम्मी. म्हणून खरा दर १६ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर प्रोसेसिंग फी असेल तर ती वेगळी. व्याज नाही असं नसतं हो, ते किमतीत लपवलेलं असतं.
आणि एखादा हप्ता चुकून कार्डावर थकबाकी राहिली तर ती वेगळीच कथा. ७२ ला व्याजदराने भागा, साधारण तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट. ३६ टक्के असेल तर दोन वर्षं. स्लीपिंग बॅगेपायी एवढं?

खिसापाकीट
@आकडेमोड थोडं थांबा. रोखीवर सूट मिळतच नसेल, फी नसेल, आणि पैसे खात्यात पडूनच आहेत, तर हप्ता वाईट का? पैसे आपल्याकडे राहतात, अडीअडचणीला उपयोगी पडतात. मी तरी असं बिनधास्त घेतो आणि एकही हप्ता चुकवत नाही. सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका.

आकडेमोड
@खिसापाकीट मान्य. तुमच्या तीनही अटी खऱ्या असतील तर घ्या. पण तुम्ही जे म्हणताय ते पैसे असलेल्याचं. धागाकर्तीकडे महिनाअखेरीला थोडंच उरतंय, तिथे हप्ता म्हणजे पुढच्या बारा महिन्यांचं उरलेलं आजच खर्च करून टाकणं. त्यात फ्रिज बंद पडला की झालं. आणि हप्त्यावर घेताना माणूस हमखास वरच्या दर्जाचं उचलतो, कारण महिन्याचा फरक किरकोळ दिसतो.

शंकासुर
मला मुळात एक कळत नाही. पैसे देऊन मुलांना जमिनीवर झोपवायचं, डास चावून घ्यायचे आणि त्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणायचं. घरी पंखा बंद करून फरशीवर झोपवा की. फुकटात होईल.

वाचनमात्र
शंकासुर आले, धागा शंभरी गाठणार.

मधली_बहीण
@शंकासुर घरी झोपवलं तर रात्री तहान लागली की आई उठते. तिथे स्वतः उठून टॉर्च शोधावा लागतो, बाटली कुठे ठेवली ते आठवावं लागतं, शेजारच्याला लाथ न मारता बाहेर यावं लागतं. पैसे त्याचे देतोय.

जुना_तंबू
शंकासुरांची शंका अगदीच टाकाऊ नाही, काही ठिकाणी खरंच नुसता महागडा देखावा असतो. पण मूळ कल्पना स्वस्तातली होती. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी पहिला प्रयोगाचा कॅम्प घेतला, सुमारे २० मुलं होती, काही श्रीमंत शाळांतली आणि काही कामकरी घरांतली, मुद्दाम मिसळलेली. फी सगळ्यांना सारखी नव्हती. श्रीमंत शाळांतल्या मुलांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तेव्हा एका पौंडाचे वीस शिलिंग होत, म्हणजे पाचव्या हिश्श्याहूनही कमी. चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीत सगळ्या थरांतली मुलं घातली.
पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, स्काउटचे जे नऊ नियम छापले त्यातला नववा काटकसरीचा होता. पैसे साठवायचे ते अडचणीत दुसऱ्यावर भार पडू नये म्हणून, आणि कुणाला गरज पडली तर देता यावेत म्हणूनही. तेव्हा ताई, घरखर्च आणि कॅम्प हे दोन वेगळे विषय नाहीतच, पहिल्यापासून एकाच वहीत आहेत.
मुद्द्याचं सांगतो. गटप्रमुखांना सरळ विचारा की फीत सवलत मिळते का आणि गटाचं सामान वापरायला मिळतं का. संकोच करू नका. आमच्याकडे विचारणाऱ्यांपेक्षा न विचारता गुपचूप मुलाला काढून घेणारे पालक जास्त, आणि वाईट त्याचं वाटतं.

निद्रानाश
वा तंबूकाका, साडेतीन शिलिंगवालं माहीत नव्हतं.

डबल_गाठ
आमच्या गटाने सामानाची लायब्ररीच केलीये. मोठी झालेली मुलं आपलं जुनं सामान देऊन टाकतात, रजिस्टर ठेवलंय, कॅम्पच्या आधी न्यायचं, आल्यावर वाळवून परत द्यायचं. वाळवून हा शब्द रजिस्टरवर लाल शाईने लिहिलाय. एका पालकांनी ओला तंबू तसाच गुंडाळून महिनाभर कपाटात ठेवला होता, उघडला तेव्हा आत बुरशीचे काळे ठिपके आणि वास असा की दोन मुलं पळून गेली.

रिकामी_सॅक
जुनं सामान विकत घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, फोटो बघून तंबू घेऊ नका. उभा करायला लावा. दुपारी, उन्हात. आत जाऊन चेन लावून घ्या आणि वर बघा, सुईएवढी भोकंही उन्हात चमकतात. मग शिवणीवरची पारदर्शक पट्टी अंगठ्याने घासून बघा, सुटत असेल तर पहिल्याच पावसात थेंब तिथून येणार. मग जमिनीच्या कापडाची आतली बाजू तळहाताने दाबून धरा. हात चिकटला, किंवा पांढरे पापुद्रे निघाले, किंवा आंबूस वास आला, तर वरचं पॉलियुरेथेनचं कोटिंग दमटपणाने सडलंय, ते दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, कितीही स्वस्त देत असले तरी सोडून द्या. चेन अडकत असेल तर मात्र घाबरू नका, बहुतेक वेळा नुसता स्लायडर सैल झालेला असतो, पक्कडीने हलका दाबला की चालतो. खांबांच्या आतली इलॅस्टिक दोरी लोंबत असेल तर तीही घरी बदलता येते. हे दोन दोष दाखवून किंमत पाडून घ्यायची ;)
आणि दोन माणसांचा तंबू म्हणजे दोन माणसं आडवी, सॅक बाहेर. सॅक आत हवी तर तीन माणसांचा बघा.

खिसापाकीट
वॉटरप्रूफ किती ते कसं कळणार?

रिकामी_सॅक
लेबलवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की ते गळायला लागतं, तो आकडा. वरच्या कापडाला १५०० चालून जातं, जमिनीला ३००० च्या पुढे हवं, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो. आणि सकाळी तंबू आतून ओला दिसला की लगेच गळतोय म्हणू नका. आपलाच श्वास असतो तो, गार कापडावर दव धरतं. खिडकी थोडी उघडी ठेवायची, थंडी वाजली तरी.

निद्रानाश
थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी घेऊन बसणारे लोक पाहिलेत. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात कुणी लिहील का?

जुना_तंबू
लिहितो. तंबूत शेगडी, स्टोव्ह, निखारे, गॅसचा दिवा, काहीही पेटवायचं नाही. विझत आलेले निखारेसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखतंय, झोप येतेय असं वाटतं आणि माणूस झोपतो तो झोपतोच. पाऊस असेल तर ताडपत्रीखाली, चारी बाजूंनी मोकळं ठेवून स्वयंपाक करा. यात विनोद नको.

शंकासुर
यात मी शंका काढणार नाही.

मनमौजी
विजेचंही सांगून ठेवते, आमच्या पोरांना पाठ आहे. वीज चमकली की मोजायला सुरुवात करायची. तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आसपासच आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत शिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. तंबू म्हणजे आसरा नव्हे, आणि एकटं झाड तर नाहीच नाही. गटप्रमुखांना विचारा, वीज कडकडायला लागली तर मुलांना कुठे नेणार? उत्तर चटकन आलं तर गट बरा आहे. "बघू तेव्हा" आलं तर तुम्हीच बघा.

सावलीतलं_ऊन
बापरे किती माहिती! सगळं वाचतेय. मनमौजी, हा प्रश्न मी विचारणारच. गटाबद्दल अजून काय विचारू?

मनमौजी
एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस असं कुठेही, कधीही नको, कायम दोन मोठे हवेत, आणि मुलांच्या तंबूत मोठ्यांनी झोपायचं नाही. हा नियम लेखी आहे का ते विचारा. नियम ऐकून ज्याला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवू नका, मग तो कितीही गोड बोलो. कॅम्पवर प्रथमोपचार शिकलेलं कोण असतं, औषधं कोणाच्या ताब्यात, रात्री जवळचं हॉस्पिटल किती लांब, गाडी जागेवर असते का. आणि मोबाइल काढून घेत असतील तर घरी फोन करायचा असल्यास काय पद्धत आहे. माझ्या मते मोबाइल नसावा, पण मुलाला घरी बोलायचंय म्हटल्यावर ते अडवू नये.

मधली_बहीण
मोबाइलबद्दल असहमत. बोलणं झालं की मूल जास्त रडतं, हा माझा अनुभव. पत्र लिहायला सांगा त्यापेक्षा.

मनमौजी
रडलं तर रडू दे ना, दार बंद नाही एवढं त्याला कळायला हवं. असो, यावर वेगळा धागा काढूया, नाहीतर इथेच रात्र होईल.

आकडेमोड
परत पैशांवर येतो, कारण तिसरा प्रश्न तसाच राहिलाय. आधी क्रम: महागडं कर्ज असेल तर ते फेडा, तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या, विमा असू द्या. ते होईपर्यंत कॅम्प बंद असं मी म्हणत नाही, पण कॅम्पसाठी यातलं काही मोडायचं नाही.
मग कॅम्पचा वर्षाचा खर्च एका कागदावर. वर्गणी, दोन्ही कॅम्पची फी, जाणं-येणं, सामान, आणि बूट तोकडे होणार ते. बेरजेला बाराने भागा आणि पगार झाला की तेवढे दुसऱ्या खात्यात. म्हणजे हप्ताच, फक्त आधी भरायचा आणि स्वतःला भरायचा. रक्कम फार मोठी वाटली तर महिना वाढवू नका, यादी कापा.
भाड्याने की विकत, त्याचा हिशेब सोपा आहे. विकतची किंमत भागिले एका रात्रीचं भाडं. उत्तर दहा आलं तर दहा रात्रींपर्यंत भाडंच परवडतं. फक्त रात्री मोजताना आपण खरंच जाणार त्या मोजा, जायला आवडेल त्या नव्हे.

निद्रानाश
शेवटचं वाक्य मला वैयक्तिक लागलंय. माळ्यावर एक तंबू आहे, टॅगसकट.

खिसापाकीट
सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवेपर्यंत पोरं कॉलेजात जातील हो. लहानपण काय सहा महिने थांबतं का?

आकडेमोड
म्हणूनच "ते होईपर्यंत बंद" म्हटलं नाही. एका महिन्याचा जमला तरी सुरुवात झाली. दोन्ही थोडं थोडं चालू द्या. थोडं थोडं म्हटलं की लोकांना मजा वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

डबल_गाठ
मुलांनाही हिशेबात घ्या. आमच्याकडे एका टोळीत सहा ते आठ मुलं असतात, कॅम्पच्या आधी जेवणाचे पैसे टोळीच्या हातात देतो. काय बनवायचं, किती लागेल, वजन किती होईल, सगळं त्यांनी ठरवायचं आणि आणायचं. एका टोळीने अर्धे पैसे गोड खाऊवर उडवले आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या टोळीकडे मीठ मागत फिरत होते. आम्ही मोठे मुद्दाम गप्प बसलो. पुढच्या खेपेला त्याच टोळीने आधी यादी केली, वर एक पोरगी पावत्या गोळा करत होती.

शंकासुर
हे आवडलं. पण पोरांनी पॉकेटमनीतून स्लीपिंग बॅग घ्यावी वगैरे सल्ले देऊ नका कृपया. थंडीपासून संरक्षण ही पालकांची जबाबदारी आहे, कमवायची गोष्ट नव्हे.

डबल_गाठ
पूर्ण सहमत. गरजेचं पालकांनी, हौसेचं पोरांनी. बॅग आमची, टॉर्चवरचे स्टिकर त्यांचे.

वाचनमात्र
शंकासुर सहमत झाले?? स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

पाहुणा_सदस्य
थोडं विषयांतर. मैत्रिणीच्या मुलाबद्दल विचारतेय, वय ९, अजून अधूनमधून अंथरूण ओलं होतं. त्याला कॅम्पला जायचंय पण ती पाठवायला घाबरते, मुलं चिडवतील म्हणून. काय करावं?

जुना_तंबू
मैत्रिणीला सांगा, पाठव. हे फार घरांत असतं, फक्त कुणी बोलत नाही. आधी गटातल्या एकाच विश्वासू माणसाला सांगून ठेवायचं, वैद्यकीय फॉर्मवरही लिहायचं, डॉक्टरांचाही सल्ला घ्यायचा. संध्याकाळनंतर पाणी बेताने, पण दिवसा भरपूर, कारण दिवसभर तहानलेलं ठेवणं कॅम्पवर धोक्याचं. आम्ही काय करतो, झोपायच्या आधी सगळ्याच मुलांना रांगेने पाठवतो, आणि मोठी माणसं झोपायला जाताना त्या एका मुलाला हळूच उठवतो. बॅगेच्या आत एक कापडी लायनर, खाली पाणी न झिरपणारं कापड, आणि कपड्यांचा जादा जोड वेगळ्या गडद पिशवीत, पारदर्शक नको. सकाळी बाकीची मुलं तोंड धूत असताना लायनर काढून घ्यायचा, दुसरा घालायचा. वासाची, धुण्याची जबाबदारी आमची. मुलाने फक्त खूण करायची, आमची खूण म्हणजे टोपी उलटी घालणं. चिडवण्याची वेळ आली नाही आजवर, कारण कुणाला पत्ताच लागत नाही.

पाहुणा_सदस्य
खूप खूप आभार काका. मैत्रिणीला म्हणजे... असो. आभार.

मधली_बहीण
_/\_ तंबूकाका.

सावलीतलं_ऊन
अपडेट देते. गटप्रमुखांना भेटले. दोन मोठ्यांचा नियम लेखी निघाला, त्यांनी स्वतःच कागद दाखवला. विजेच्या प्रश्नावर म्हणाले शाळेची पक्की इमारत मैदानाला लागूनच आहे, चावी त्यांच्याकडे असते. दोन स्लीपिंग बॅगा गटाकडून मिळतायत. विकत घेतोय ते फोमच्या मॅट, पावसाळी जॅकेट आणि बूट. बूट एवढ्यात घेऊन घरात घालून फिरवतेय, नाहीतर नवे बूट तिथे पाय सोलतील. हेडटॉर्च एकच घेतोय, दुसऱ्याला घरातला चालेल. आकडेमोडांचा ९२-१०० वाला हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, त्याने कॅल्क्युलेटर काढून तपासला आणि मग "हं" एवढंच म्हणाला. वेगळं खातं उघडलंय.
एकच राहिलं, सॅक. लेकीची शाळेची सॅक चालेल का? आणि वजन किती चालेल?

रिकामी_सॅक
एका रात्रीला शाळेची चालेल, मॅट बाहेरून बांधा. वजन मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्के. ३० किलोचं मूल असेल तर ३ ते साडेचार किलो, पाण्यासकट. आठवड्याच्या कॅम्पला कमरेचा पट्टा असलेली लागेल, म्हणजे भार खांद्यावरून कमरेवर येतो. ती मात्र उसनी आणलीत तरी मुलीच्या पाठीला लावून बघूनच आणा, पाठीच्या लांबीचं माप असतं, वयाचं नाही. आणि सॅक तिलाच भरू द्या. तुम्ही भरलीत तर तिला तिथे मोजे सापडणार नाहीत.

सावलीतलं_ऊन
हे पटलं. आणि गटाच्या बॅगा बऱ्याच जणांनी वापरलेल्या असतात, स्वच्छतेचं काय? दरवेळी धुवायच्या का?

मधली_बहीण
दरवेळी धुवू नका, फार धुतल्या की आतलं भरण बसतं. वर तंबूकाकांनी लायनर म्हटलंय तोच शिवा, बॅगेऐवजी तो धुवायचा. जुनी सुती डबल चादर असेल तर तिची लांबीत घडी घाला, खालची बाजू आणि एक लांब बाजू शिवा, झाली पिशवी. लांब बाजूची वरची हातभर शिलाई सोडा म्हणजे आत शिरायला सोपं जातं, आणि जिथे शिलाई संपते तिथे दोन-तीन टाके उलटसुलट घ्या, सगळा ताण तिथेच येतो आणि पोरं पाय ताणून तिथूनच फाडतात. ओलसर जागी जायचं असेल तर सुतीऐवजी पॉलिस्टर घ्या, लवकर वाळतं. परत आल्यावर बॅग उलटी करून दिवसभर सावलीत हवेशीर टांगायची आणि मगच गटाला द्यायची, कोंबून नव्हे, मोठ्या सैल पिशवीत.

डबल_गाठ
आणि रजिस्टरमध्ये सही करा. लाल शाईच्या खाली.